दहाचे दोन वाटे : वर्गसमीकरणाच्या वारशाची हकीकत



दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांचे एक प्रकरण आहे. त्या प्रकरणात एक लहानसा नियम येतो. क्ष² − १०क्ष + २१ = ० असे समीकरण असेल, तर त्याच्या दोन मुळांची बेरीज १० आणि गुणाकार २१ असतो. मुळे ३ आणि ७. बेरीज करून पाहा, गुणाकार करून पाहा. नियम खरा ठरतो. पुस्तकात तो अल्फा आणि बीटा या ग्रीक अक्षरांत लिहिलेला असतो. मुलगा तो पाठ करतो, परीक्षेत दोन गुणांपुरता लिहितो आणि विसरतो. घरात त्याने वडिलांना काही विचारलेच, तर ठरलेले उत्तर मिळते, "बाबा रे, हे आमच्या डोक्यावरून जाते. सरांना विचार."

हे उत्तर ज्या घरांतून दिले जाते, त्या घरांसाठी हा लेख आहे. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली दहावीच्या उंबरठ्यावर अडतात, आणि पुष्कळदा ती गणितापाशीच अडतात. एकदा "गणितात गेला" असा शिक्का बसला, की मुलगा दुकानावर किंवा गॅरेजमध्ये जाऊ लागतो आणि मुलीचे शिक्षण थांबते. या भीतीच्या मुळाशी एक समजूत आहे. हा विषय आपला नाही, तो दुसऱ्यांचा, मोठ्या शहरांतल्या लोकांचा आहे, अशी ती समजूत होय. ती किती चुकीची आहे, हे या एका नियमाच्या इतिहासावरून दिसेल.

बगदादमधला प्रश्न

इ.स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-मामून यांच्या कारकिर्दीत मुहंमद इब्न मूसा अल-ख्वारिझमी या विद्वानाने एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावात 'अल-जब्र' आणि 'अल-मुकाबला' हे दोन शब्द आहेत. जब्र म्हणजे मोडलेले पूर्ववत करणे. निखळलेले हाड बसविण्यालाही अरबी भाषेत हाच शब्द आहे. समीकरणाच्या एका बाजूला वजा झालेले पद दुसऱ्या बाजूला मिळवून भरून काढणे, हे जब्र. दोन्ही बाजूंची सारखी पदे समोरासमोर आणून वजाबाकी करणे, हा मुकाबला. याच 'अल-जब्र'वरून जगभर 'अल्जेब्रा' हा शब्द रूढ झाला. ग्रंथकाराच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, जो आज संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

हा ग्रंथ कशासाठी लिहिला, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे. वारसाहक्क, मृत्युपत्रे, वाटण्या, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई यांत लोकांना जे हिशेब लागतात, ते सोपे व्हावेत, असा हेतू ग्रंथकाराने प्रस्तावनेत सांगितला आहे. ग्रंथाचा फार मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसांचे हिस्से यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे. मीरासीची वाटणी चोख व्हावी, कुणाचा हक्क बुडू नये, ही बीजगणितामागची एक निकड होती. आजही आपल्या घरांत जमिनीचे आणि वाड्याचे वाटे पडतात, तेव्हा प्रश्न तोच असतो.

आता याच ग्रंथातील एक प्रश्न पाहा. दहाचे दोन वाटे केले. एका वाट्याने दुसऱ्याला गुणले, तेव्हा एकवीस आले. वाटे कोणते?

प्रश्नात अल्फा नाही, बीटा नाही, क्ष सुद्धा नाही. परंतु बेरीज १० आणि गुणाकार २१ आहे. म्हणजे आपल्या पुस्तकातला नियमच प्रश्नाच्या रूपात आला आहे. अल-ख्वारिझमींनी एका वाट्याला 'शय', म्हणजे वस्तू, असे नाव दिले. मग दुसरा वाटा दहा वजा ती वस्तू झाला. यावरून त्यांनी समीकरण मांडले आणि रीत सांगितली. दहाचे निम्मे करा, ५ येतील. त्यांचा वर्ग २५. त्यातून २१ वजा करा, ४ उरतात. त्यांचे वर्गमूळ २. हे पाचांतून वजा केले तर ३, पाचांत मिळविले तर ७.

ही रीत का चालते? दोन वाटे सारखे असते, तर प्रत्येकी पाच आले असते. ते सारखे नाहीत. एक पाचांहून जेवढा कमी, तेवढाच दुसरा पाचांहून जास्त. हा फरक २ असेल, तर गुणाकार २५ मधून २ चा वर्ग वजा जाता जेवढा, तेवढा, म्हणजे २१ येतो. एवढेच. तराजूच्या एका पारड्यातून काढून दुसऱ्यात टाकणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला हे समजेल.

अल-ख्वारिझमींनी पुढे दोन गोष्टी सांगितल्या. निम्म्याचा वर्ग आणि दिलेला गुणाकार सारखे आले, तर दोन्ही वाटे सारखेच. निम्म्याचा वर्ग गुणाकाराहून लहान आला, तर प्रश्नच अशक्य. त्यांनी आपल्या रीतीला चौरस आणि आयत यांच्या आकृत्यांचा पुरावाही जोडला.

त्याआधीचे आणि आपल्याकडचे

हा प्रश्न बगदादमध्येच जन्मला, असे मात्र समजू नये. त्याच इराकच्या भूमीत, इसवी सनापूर्वी सुमारे १८०० वर्षे, बाबिलोनच्या लेखनिकांनी मातीच्या विटांवर आयताच्या लांबी-रुंदीची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू शोधण्याची उदाहरणे कोरली आहेत. निम्मे करण्याची रीत त्यांनाही ठाऊक होती. आपल्या देशात इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात वर्गसमीकरण सोडविण्याची रीत आहे, तसेच धन आणि ऋण संख्यांचे नियमही आहेत. आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोहोचले. अल-ख्वारिझमींनी आपली खगोलकोष्टके त्या भारतीय परंपरेवर आधारली, आणि भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच अंकांना युरोपात पुढे 'अरबी अंक' म्हणू लागले.

आता आपल्या महाराष्ट्रात या. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातले विज्जलवीड, असे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांनी पाटणला मठ स्थापन केला आणि त्यासाठी १२०७ मध्ये दान मिळाले, असे त्या लेखात आहे. देवगिरी म्हणजे आपल्या मराठवाड्यातील दौलताबाद. गणिताच्या शाळेसाठी दान देण्याची रीत आपल्या मुलखात आठशे वर्षांची आहे, हे शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत सांगावयालाच हवे.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त माकडांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तेवढी माकडे रानात खेळत आहेत. उरलेली बारा टेकडीवर ओरडत आहेत. तर एकूण किती? आजच्या पद्धतीने समीकरण मांडले तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येते. उत्तरे दोन : १६ आणि ४८. दोन्ही पटतात. १६ चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, आणि १२ मिळविले की १६. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, आणि १२ मिळविले की ४८. आता बेरीज आणि गुणाकार पाहा. १६ आणि ४८ यांची बेरीज ६४, गुणाकार ७६८. नियम पाटणच्या परिसरातही तसाच लागू पडतो.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत गेला आहे आणि एकच माकड बाहेर दिसते. तेथे उत्तरे ५० आणि ५ येतात. परंतु ५ चा पाचवा भाग एक. त्यातून तीन वजा जात नाहीत. वजा दोन माकडे कुणी पाहिली आहेत? म्हणून भास्कराचार्यांनी ते दुसरे उत्तर स्वीकारले नाही. गणिताने दोन उत्तरे दिली, तरी प्रश्नाचा अर्थ पाहून त्यातले योग्य कोणते ते ठरवावे लागते, हा धडा विद्यार्थ्यांनी घ्यावा.

त्याच ग्रंथात आणखी एक सूत्र आहे. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली, की त्या संख्यांच्या फरकाचा वर्ग मिळतो. आपल्या दहाच्या वाट्यांना हे लावून पाहा. १० चा वर्ग १००; २१ ची चौपट ८४; वजाबाकी १६; वर्गमूळ ४. बेरीज १० आणि फरक ४, तर संख्या ७ आणि ३. दहावीच्या पुस्तकात 'विवेचक' म्हणून जी राशी येते, ब² − ४अक, ती पाठ करताना मुले कंटाळतात. समीकरणात अ हा १ असेल, तेव्हा विवेचक म्हणजे दोन मुळांच्या फरकाचा वर्ग, दुसरे काही नाही. तो शून्य आला तर फरक शून्य, म्हणजे मुळे समान. तो ऋण आला तर वास्तव उत्तर नाही, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. अल-ख्वारिझमी ज्याला अशक्य म्हणाले, ते हेच.

मकबऱ्याच्या दरवाजावरचे नाव

अकबर बादशहाच्या आज्ञेने कवी फैजी यांनी १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात अडकलेल्या मोत्यामुळे चुकला, ही प्रसिद्ध कथा फैजींच्या प्रस्तावनेतून पसरली. भास्कराचार्य दख्खनमधील बीदरचे, असेही फैजींनी लिहिले. पाटणच्या लेखाने या घराण्याचा संबंध खानदेशाशी दाखविला आहे. पण देगलूरच्या शेजारच्या बीदरचे नाव दिल्लीच्या दरबारात या ग्रंथाशी जोडले गेले होते, हे आपल्याला गमतीचे वाटेल.

पुढे १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी यांनी 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद करून तो शहाजहान बादशहाला अर्पण केला. ताजमहालाचे प्रमुख वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे हे पुत्र. आणि हेच अताउल्ला पुढे दख्खनमध्ये आले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचा मकबरा आहे. शाळेच्या सहलीत आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. त्या बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावरील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय ही दोन नावे आहेत.

थोडे थांबून या गोष्टीचा विचार करा. पाटणला शिकविला जाणारा संस्कृत ग्रंथ एका मुसलमान वास्तुकाराने फारसीत आणला, आणि मग त्याच मुलखात, देवगिरीपासून काही मैलांवर, हंसपत राय यांच्या जोडीने इमारत उभी केली. ज्यांना आपण कारागीर म्हणून ओळखतो, त्यांना वर्गसमीकरण येत होते. आज आपल्या समाजात गवंडी, सुतार, फिटर, वेल्डर पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे.

हा फारसी ग्रंथ पुढे विलायतेला गेला. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची याने त्यावरून इंग्रजी अनुवाद लंडनला प्रसिद्ध केला. कोलब्रूकचा मूळ संस्कृतवरून केलेला अनुवाद चार वर्षांनी, १८१७ मध्ये आला. म्हणजे भास्कराचार्यांचे बीजगणित इंग्रजी वाचकांना प्रथम भेटले ते फारसीच्या वाटेने.

अल-ख्वारिझमींचा ग्रंथ त्याच्या कितीतरी आधी युरोपात पोहोचला होता. ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे चेस्टरच्या रॉबर्टने त्याचे लॅटिन भाषांतर केले. पुढे फ्रान्समधील व्हिएटा या कायदेपंडिताने मुळे आणि सहगुणक यांचा संबंध सामान्य रूपात मांडला. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६१५ मध्ये छापला गेला. तरी त्याचा विचार धन मुळांपुरताच होता. १६२९ मध्ये अल्बर्ट जिरार्ड याने ऋण आणि काल्पनिक मुळेही हिशेबात धरून नियम पुरा केला. आज आपण जो लिहितो तो हा : अक्ष² + बक्ष + क = ० असेल, तर मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ. या एका ओळीवर बाबिलोन, भिनमाळ, बगदाद, पाटण, दिल्ली आणि पॅरिस या सर्वांचे हात फिरले आहेत. वडिलोपार्जित जमीन वाटली की प्रत्येकाचा वाटा लहान होतो. हा वारसा मात्र कितीही जणांनी घेतला तरी कमी होत नाही. फक्त तो घ्यावा लागतो.

देगलूरात याचा उपयोग काय?

देगलूर हे सीमेवरचे गाव. बाजारात मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड कानावर पडते. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्या संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई आणि त्यासाठी शास्त्रीय ग्रंथांचे अनुवाद करणारा खास विभाग होता. गणित एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येते, हे आपल्या मुलखाने अनेकदा पाहिले आहे. मुलगा मराठी माध्यमात असो वा उर्दू, तीन आणि सात तेच राहतात.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. आपल्याकडे तीस बाय चाळीसचा प्लॉट सर्वांच्या परिचयाचा आहे. समजा, कुणी सांगितले की आयताकृती प्लॉटच्या चारी बाजूंची लांबी मिळून १४० फूट आणि क्षेत्रफळ १२०० चौरस फूट आहे. लांबी-रुंदीची बेरीज झाली ७०. निम्मे ३५, वर्ग १२२५. त्यातून १२०० गेले, उरले २५, वर्गमूळ ५. बाजू ३० आणि ४०. तोच माणूस म्हणू लागला, "चारी बाजू १४० फूट, पण जागा १३०० चौरस फूट भरते," तर सावध व्हा. १२२५ च्या वर क्षेत्रफळ जाऊच शकत नाही. हे सांगायला मोजणीदार नको, नववी-दहावीतली आपली मुलगी पुरे. आणि हेही पाहा : १० बाय ६० च्या पट्टीचा घेरही १४० फूटच आहे, पण जागा फक्त ६०० चौरस फूट. नुसता घेर ऐकून सौदा करू नये. बेरीज आणि गुणाकार, दोन्ही विचारावेत.

विद्यार्थी मित्रांनो, या नियमाचा तुम्हाला सर्वांत मोठा उपयोग ताळा पाहण्यासाठी आहे. २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे सोडवून ३ आणि १/२ अशी मुळे काढलीत. बरोबर आहेत का? बेरीज साडेतीन यायला हवी, कारण ७/२, आली. गुणाकार दीड यायला हवा, कारण ३/२, आला. उत्तर पक्के झाले. पुस्तकाची शेवटची पाने उलटायला नकोत, शेजाऱ्याच्या वहीत डोकवायला नको, गाईड नको. फक्त एक जपा : बेरजेत चिन्ह बदलते. समीकरणात −७ असेल, तर बेरीज अधिक येते. येथेच सर्वाधिक चुका होतात. एक मूळ सापडले, तर दुसऱ्यासाठी सूत्रही नको. बेरजेतून पहिले वजा करा. मुळांच्या वर्गांची बेरीज विचारली, तर बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची दुप्पट वजा करा. ३ आणि ७ साठी १०० वजा ४२, म्हणजे ५८; आणि ९ अधिक ४९ सुद्धा ५८ च.

स्वतःचे उत्तर स्वतः पारखता येणे, ही फार मोठी ताकद आहे. ज्या मुलाला ती आली, त्याला शिकवणीची फी परवडली नाही तरी त्याचे अडत नाही. आपल्यापैकी बहुतेक घरांसाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे.

आणि पालकहो, तुम्हाला समीकरण येत नसेल तरी हरकत नाही. तुम्हाला बेरीज येते, गुणाकार येतो. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसली, की शेजारी बसा आणि दोनच प्रश्न विचारा, "मुळांची बेरीज किती यायला हवी? किती आली? गुणाकार किती यायला हवा? किती आला?" एवढे विचारणारे माणूस घरात असले, की मुलाला वाटते, हा विषय आपल्या घरातला आहे. मात्र पूर्वजांची नावे घेऊन गुण मिळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. अताउल्लांनी परभाषेतला ग्रंथ समजून घेण्याची मेहनत केली, म्हणून त्यांचे नाव राहिले. आपल्यालाही बसून उदाहरणे सोडवावी लागतील.

म्हणून शेवटी तीन उदाहरणे देतो. आज रात्री जेवणानंतर घरात सर्वांनी मिळून सोडवावीत.

१) आयताकृती अंगणाचा घेर १०० फूट, क्षेत्रफळ ६०० चौरस फूट, लांबी-रुंदी किती?

२) वीसाचे असे दोन वाटे करा की त्यांचा गुणाकार १२० येईल. येत नसेल, तर का येत नाही ते सांगा.

३) क्ष² − २३क्ष + १३२ = ० चे एक मूळ ११ आहे; सूत्र न वापरता दुसरे सांगा.

उत्तरे येथे छापलेली नाहीत. ताळा आता तुमच्याच हातात आहे.